आपण सांगतो आणि समोरचा 'पण' म्हणतो : खर्रा, दारू, गोळ्या आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग

कापूसवेचणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक आहे, सहा वर्षं झाली. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला), तंबाखू, दारू, शुगरच्या गोळ्या मधेच बंद केलेले लोक, सगळं माझ्याच टेबलावर येतं. बरेच दिवस मनात होतं की या विषयावर मराठीत कुठंतरी नीट बोलावं, कारण ट्रेनिंगमधे जे शिकवतात ते शहरातल्या खोलीत बसून शिकवतात आणि आपल्याकडं टेबलासमोर पेशंटसोबत त्याची बायको, भाऊ आणि गाडीवर बसवून आणणारा शेजारी असे तिघं उभे असतात.

पहिली चार वर्षं मी जे केलं ते सरळ सांगते. मी माहिती द्यायची. कॅन्सरचे फोटो दाखवायची, खर्च काढून दाखवायची (दिवसाचे आठ खर्रे, महिन्याचे किती, वर्षाचे किती, त्यात एक गोऱ्हा आला असता वगैरे), मुलांची शपथ आठवून द्यायची. आणि सगळे म्हणायचे "हो मॅडम, आजपासून बंद". ते "हो मॅडम" ऐकून मला वाटायचं जमलं. रजिस्टरमधे तसं लिहायची. मग एक दिवस मी चहाला बाहेर गेले तर माझ्याच खुर्चीवरून उठून गेलेला माणूस गेटसमोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटून घेत होता, दहा मिनिटंही झाली नव्हती. त्यानं मला पाहिलं आणि पन्नी खिशात घातली. त्याला शरम वाटली. त्याच्या त्या शरमेचं मला फार वाईट वाटलं, कारण ती माझ्याच बोलण्यामुळं तयार झाली होती आणि पुढच्या महिन्यात तो आलाच नाही.

त्यानंतर मी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे एमआय (बदलाची कारणं माणसाच्या स्वतःच्याच तोंडून येऊ द्यायची, अशी बोलण्याची पद्धत) नीट वाचायला घेतलं, एक ट्रेनिंगही केलं. मला त्यातून सगळ्यात मोठी समजलेली गोष्ट एकच. आपल्याकडं येणारा माणूस अडाणी नसतो की त्याला नुकसान माहीत नाही. त्याच्या आत दोन्ही बोलणी चालू असतात, "सोडाले पायजे" हेही आणि "जमत नाई" हेही. आपण सोडायच्या बाजूनं बोललो की त्याच्याकडं बोलायला दुसरीच बाजू उरते. आपण जितकं ओढू तितका तो त्या बाजूला जातो, आणि स्वतःच्या तोंडून स्वतःलाच पटवून देतो की खर्रा का गरजेचा आहे. म्हणजे आपणच ते त्याच्याकडून बोलवून घेतो.

म्हणून मी आता 'पण' मोजते. "सोडाले पायजे जी, पण रातभर जागलीले बसा लागते" यात वजन 'पण'च्या नंतर आहे. आणि "जागलीले बरं वाटते, पण आता तोंड नाई उघडत" यातही वजन 'पण'च्या नंतरच आहे. माणूस तोच, विषय तोच, दोन वाक्यांत त्याचं मन वेगळ्या ठिकाणी आहे.

एक भेट लिहिते. ओळख पटू नये म्हणून थोडं बदललं आहे. काका, वय बावन्न, दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेले. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक झाली आहे, तोंडात दीडच बोट जातं (साधारण तीन बोटं जायला पाहिजेत).

मी म्हटलं, "काका, खर्र्याबद्दल थोडं बोललं तर चालते का?"
"बोला न. सोडा म्हनसान."
"आज मी सोडा म्हणत नाही. खर्रा खाल्ला का तुमाले काय बरं वाटते ते सांगा."
काका माझ्याकडं पाहतच राहिले. मग म्हणाले, "झोप नाई येत जी. डुकरं येते वावरात. रातभर खोपडीत एकटा बसतो मी." (खोपडी म्हणजे वावरातली राखणीची झोपडी.)
"म्हणजे तो तुमचा जागलीचा सोबती हाय."
"सोबतीच हाय." मग थांबले. मीही थांबले, हे थांबणं मला सगळ्यात जड जातं. मग स्वतःच म्हणाले, "पण आता भाकर चुरून खा लागते. परवा लेकीकडं गेलतो, कणसं भाजली होती. मले दातात नाई धरता आलं. नातीनं दाणे सोलून वाटीत दिले, चमचा टाकून."
"आणि ते तुमाले लागलं. एवढ्यात म्हातारं नाई व्हायचं तुमाले."
"बावन्नात कोन म्हातारं होते जी!"

हे शेवटचं वाक्य मी चार वर्षं फोटो दाखवून कुणाच्या तोंडून काढू शकले नव्हते.

मग पट्टी. पुस्तकात शून्य ते दहा असं विचारतात, ते आपल्याकडं परीक्षेच्या मार्कासारखं वाटतं आणि लोक "दहा" म्हणून मोकळे होतात. मी आण्यात विचारते. शेतकऱ्याला "यंदा किती आणे पीक" हे रोजचं आहे. "काका, सोळा आण्यापैकी किती आणे वाटते की आता हे बदलाव?" म्हणाले दहा आणे. इथं मोह होतो विचारायचा की सोळा का नाही, आणि तिथंच चूक होते, कारण मग तो उरलेल्या सहा आण्याची कारणं सांगतो, म्हणजे न सोडण्याची. विचारायचं, "दोनच आणे काऊन नाई म्हनलं?" मग तो दहा आण्याची कारणं सांगतो. काकांनी नात सांगितली, दातांचे डॉक्टर सांगितले, आणि गावात एकाचा जबडा काढला ते सांगितलं. यातली एकही गोष्ट मी आधी बोलले नव्हते. मग दुसरी पट्टी, जमेल किती वाटतं? चार आणे. "चाराचे सहा व्हायले काय लागन?" काका म्हणाले, "खोपडीत कोणी बोलाले पायजे."

एवढ्यावर पहिली भेट संपली. मी त्यांच्याकडून कबुली घेतली नाही, तारीख घेतली नाही. लिहायचं आणखी खूप आहे पण आधी तुमचे अनुभव सांगा. कुणी हे वापरतं का? कुठं अडतं?

---

धानपट्टा

ताई खूप छान लिहिलंत. मी गोंदियाकडची, आशा गटप्रवर्तक आहे. आमच्याकडं बायांमधे गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची पेस्ट). सकाळी घासली नाही तर पोट साफ होत नाही म्हणतात, गरोदर बाई पण घासते. आमच्या आशा घरी गेल्या की पहिलं वाक्य "बाळाला त्रास होईल, सोडून दे", आणि बाई मान हलवते. आता तुमचं वाचून समजलं की ती मान हलवणं म्हणजे आम्ही लवकर निघावं म्हणून आहे.

माझी अडचण वेगळी आहे. सासू बसलेली असते. सासू स्वतः घासते. सुनेला मोकळा प्रश्न विचारला की उत्तर सासू देते. मग काय करायचं?

---

कापूसवेचणी

@धानपट्टा, सासूला बाहेर काढता येत नाही आणि काढूही नये असं मला वाटतं. मी तर आधी सासूलाच विचारते, "आई, तुमाले कधीपासून सवय? पहिल्यांदा कोणी दिली?" ती सांगते आणि सांगता सांगता बऱ्याचदा तीच म्हणते "मले लागली, पोरीले नको लागाले". मग सुनेला काही सांगायची गरजच राहत नाही, तिला फक्त विचारायचं की आई म्हणतात ते ऐकून तुला कसं वाटलं. प्रत्येक घरी होईल असं नाही. जिथं घरात भांडण आहे तिथं वजन करायच्या निमित्तानं बाजूला दोन मिनिटं मिळतात तीच खरी.

आणि "हो" बद्दल. मी आता खरा हो आणि सुटका करून घेणारा हो असा ओळखते : खऱ्या होमधे कधी, कसं, कोणासोबत यातलं काहीतरी असतं. "करतो न मॅडम" यात यातलं काहीच नसतं. तेव्हा मी म्हणते, "तुम्ही माझं मन राखायला हो म्हणत असाल तरी चालते, मला राग नाही." बहुतेक जण हसतात आणि मग खरं बोलतात.

---

पीएचसीवाला

वैद्यकीय अधिकारी आहे, प्रा.आ. केंद्र, अमरावती जिल्हा. वाचायला चांगलं वाटतं पण स्पष्ट बोलतो. सकाळच्या ओपीडीत सोमवारी बाजाराच्या दिवशी शंभरच्या वर पेशंट. एकाला दीड मिनिट. त्यात मी "काय बरं वाटतं" विचारू का बीपी पाहू? शिवाय डॉक्टरनं सांगितलं नाही तर पेशंटला वाटतं डॉक्टरला काही येत नाही. आमच्याकडं लोकांना सांगितलेलंच पाहिजे असतं, आपण विचारत बसलो तर ते दुसऱ्या डॉक्टरकडं जातात. हे सगळं ज्यांच्याकडं पाऊण तास असतो त्यांच्यासाठी आहे.

---

संत्रानगरी_मास्तर

नागपूरला एमएसडब्ल्यूच्या मुलांना शिकवतो, म्हणून थोडा इतिहास टाकतो, कारण तोच डॉक्टरसाहेबांच्या शंकेचं अर्धं उत्तर आहे.

विल्यम मिलर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ साली नॉर्वेत गेला होता. तिथले तरुण समुपदेशक त्याला रोलप्लेमधे मधेच थांबवून विचारायचे, तू आत्ता हेच का विचारलंस, ते का सोडून दिलंस. त्या विचारण्यातून त्याची स्वतःची पद्धत त्याच्याच लक्षात आली आणि १९८३ मधे त्यानं दारू पिणाऱ्यांसोबतच्या या मुलाखतीवर पहिला लेख लिहिला. पुढं स्टीफन रोलनिक सोबत आला, १९९१ मधे दोघांचं पुस्तक आलं, त्याची चौथी आवृत्ती २०२३ ची. मला फार आवडतं ते हे की ही पद्धत आधी थिअरी लिहून मग माणसांवर लावलेली नाही, कामातून निघालेली आहे.

आता वेळेचा मुद्दा. अमेरिकेत प्रोजेक्ट मॅच म्हणून मोठा अभ्यास झाला, सतराशेच्या वर दारूचे पेशंट, निकाल १९९७ ला आले. एका गटाला या पद्धतीवर बेतलेल्या फक्त ४ भेटी, बाकी दोन गटांना दुसऱ्या पद्धतींच्या १२-१२ भेटी. शेवटी फरक फारसा निघाला नाही, चार भेटीवाले जवळपास बारा भेटीवाल्यांइतकेच सुधारले. आणि १९९३ चा मिलरचाच एक अभ्यास आहे तो प्रत्येक समुपदेशकानं टेबलावर लिहून ठेवावा असा : समुपदेशक जितका अंगावर जाऊन वाद घालत गेला, तितकी वर्षभरानंतर पेशंटची दारू जास्त. म्हणजे तुमचं रागावणं फुकट जात नाही, उलटं काम करतं.

एक दुरुस्ती पण, धाग्यात अजून कुणी म्हटलं नाही पण माझे विद्यार्थी नेहमी घोळ करतात. बदलाच्या पायऱ्या (विचारच नाही, विचार आहे, तयारी, कृती वगैरे) हे प्रोचास्का आणि डिक्लेमेंटीचं काम आहे. तो वेगळा विषय. दोन्ही एकाच काळात आले म्हणून चिकटून शिकवतात.

---

कापूसवेचणी

मास्तर धन्यवाद, १९९३ चं ते मी खरंच लिहून लावते.

@पीएचसीवाला सर, तुमचं म्हणणं मला पटतं की लोकांना सांगितलेलं पाहिजे असतं. एमआयमधे माहिती द्यायची नाही असं कुठंच नाही. फक्त क्रम बदलतो. आधी विचारा, मग सांगा, मग परत विचारा. "बीपीच्या गोळीबद्दल तुमाले काय काय माहीत हाय?" मग "यात एक गोष्ट सांगू का?" आणि सांगून झाल्यावर "हे ऐकून काय वाटलं?" यात अर्धं मिनिट जातं. परवानगी मागितली की माणूस ऐकायला बसतो, हे मी रोज पाहते. पुढच्या बाजाराच्या दिवशी एकाच पेशंटवर करून पाहाल का? शंभरपैकी एक.

---

माळकरी_वाशीम

माझं मत वेगळं आहे आणि अनुभवाचं आहे. आमच्या गावात पंधरा-वीस माणसांनी दारू सोडली ती माळ घालून. शेगावला पायी वारीला गेले, परत आल्यावर गळ्यात माळ आणि दारू बंद. कुठला समुपदेशक नाही, कुठली पट्टी नाही. श्रद्धा पाहिजे. तुम्ही लोक फार प्रश्न विचारता, माणसाला एक धाक पाहिजे असतो, देवाचा म्हणा की समाजाचा.

---

खर्रामुक्त_दारव्हा

भाऊ माळेबद्दल खरं आहे, माझे मोठे भाऊ तसेच सुटले. पण माझ्या गळ्यात माळ आमच्या वडिलांनी घातली होती, मी नाही. मी माळ काढून खुंटीला लावायचो आणि खर्रा खायचो, खाऊन झाल्यावर चूळ भरून परत घालायचो. दोन वर्षं. त्यात मला देवाचीही भीती आणि वडिलांचीही, त्यानं खर्रा आणखीनच वाढला कारण डोक्यात सारखं तेच.

मी सुटलो ते वेगळ्याच कारणानं. एका दवाखान्यात एका सिस्टरनं मला विचारलं की समजा सोडला, तर पहिल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही काय करसान. मला तोवर अडतीस वर्षांत कोणीच हे विचारलं नव्हतं. सगळे सोडा म्हणायचे, सोडल्यावर दुपारी दोन वाजता हात कुठं ठेवायचे ते कोणीच नाही विचारलं. मी घरी येतपर्यंत तेच डोक्यात. मी ठरवलं दुपारी बैल धुवायला नेईन. ते डोक्यातून निघून माझ्याच हातात आलं म्हणून झालं असं मला वाटतं. तीन वर्षं झाली.

---

कापूसवेचणी

@माळकरी_वाशीम दादा, मी माळेच्या विरोधात अजिबात नाही. जो स्वतः म्हणतो की मला माळ घालायची आहे त्याला मी विचारते कधी घालता, कोणाच्या हातून, आणि लग्नात मित्र आग्रह करतील तेव्हा त्यांना काय सांगाल. ती त्याची योजना आहे, माझ्याकडच्या कुठल्याही योजनेपेक्षा भारी. दारव्ह्याच्या भाऊंनी जे लिहिलं तो फरक आहे, कोणाच्या मनातून निघाली. धाकानं सुटलेले मीही पाहिले आहेत, आणि धाक गेला की परत सुरू झालेले त्याहून जास्त पाहिले आहेत.

---

धुऱ्यावरचा

विषय दारू-खर्र्याचा आहे पण मी कृषी सहायक, मला हे फवारणीत लागलं म्हणून लिहितो. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते अजून सगळ्यांच्या ध्यानात आहे. तेव्हापासून दर पावसाळ्यात सभा, पोस्टर, किट वाटप. किट घरात खुंटीला. मी चिडायचो, जीव गेल्यावर समजन का तुमाले असं तोंडावर म्हटलं आहे मी लोकांना.

या वर्षी मी एका फवारणी करणाऱ्या मजुराजवळ धुऱ्यावर बसलो आणि फक्त विचारलं, किट घातलं का काय होते. म्हणाला, "घामानं जीव जाते साहेब, अन् मले पंपावर पैसे भेटते. किट घालून दहा पंप होत नाई." म्हणजे त्याचा हिशोब बरोबर होता! मला पाच वर्षांत हे माहीतच नव्हतं की तो दिवसावर नाही, पंपावर पैसे घेतो आणि किट म्हणजे त्याची मजुरी कमी. मी तेवढंच म्हटलं की म्हणजे किट घातलं तर पोटावर येते. तो म्हणाला, "हो न. पण रातच्याले डोळे चुरचुरते. पोट्टं जवळ आलं तर मी दूर करतो त्याले, अंगाले वास येते." तुमचं ते 'पण' ताई. मी मग विचारलं यात तुले काय जमते. त्यानं स्वतः सांगितलं, सकाळी नऊच्या आत फवारीन, वारा पाठीवर घेईन, फुल बाह्याचा सदरा, हातमोजे तेवढे घालतो, अन् घरी शिरायच्या आधी विहिरीवर आंघोळ. पूर्ण किट नाही झालं. वरच्यांना मी काय रिपोर्ट देऊ माहीत नाही पण तो आज हातमोजे घालून आहे, मी स्वतः पाहिलं.

---

संत्रानगरी_मास्तर

@धुऱ्यावरचा, हे मी वर्गात सांगणार, परवानगी द्या. तुम्ही "म्हणजे किट घातलं तर पोटावर येते" म्हटलं ना, त्याला रिफ्लेक्शन म्हणतात, आणि मुलं ते प्रश्नासारखं वर चढवून म्हणतात, "पोटावर येते का?" मग समोरचा हो-नाही सांगून थांबतो. आवाज खाली उतरवून म्हटलं की तो पुढं बोलतो. दिसायला एवढुसा फरक आहे, मुलांना यायला सहा महिने लागतात.

---

निनावी_वर्धा

आयडी नवीन काढला आहे. माझे यजमान पितात, पंधरा वर्षं. आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे तरी गावात मिळते. आता सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. पोळ्याच्या दिवशी बैलाची शपथ घेऊन एकदम बंद करतो म्हणाले. मी हा धागा दोनदा वाचला. मी घरी त्यांच्याशी असं बोलू शकते का? मी काय बोलू ते सांगा. मी पण रागावूनच बोलते, दुसरं काही येत नाही आता.

---

पीएचसीवाला

ताई, एमआय बाजूला ठेवा, आधी हे वाचा. सकाळी हात थरथरणं आणि घेतल्यावर थांबणं याचा अर्थ शरीराला दारूची सवय लागली आहे. अशा माणसानं घरच्या घरी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. दारू सोडू नका असं मी म्हणत नाही. पोळ्याच्या आधी त्यांना सरकारी दवाखान्यात न्या, बंद करायची ती डॉक्टरच्या देखरेखीत, त्यासाठी गोळ्या-इंजेक्शनं असतात, काही दिवस भरती लागेल. शपथ घ्यायची तर भरती व्हायच्या दिवशी घेऊ द्या. झटका आला किंवा बरळायला लागले तर थांबू नका, १०८ बोलवा.

---

कापूसवेचणी

ताई, सरांनी लिहिलं ते सगळ्यात आधी.

आणि दुसरं. तुम्ही त्यांच्या समुपदेशक नाही, बायको आहात. पंधरा वर्षं सोसून तुम्हाला राग येतो तर तो यावाच. एमआय हे घरातल्या माणसानं शांत राहून नवऱ्याला सुधारण्याचं काम नाही, तेवढं ओझं घेऊ नका. एवढंच सुचवते, त्यांनी स्वतः "बंद करतो" म्हटलं आहे ना, तर सकाळी शुद्धीत असताना म्हणून पाहा की तुम्ही बंद करतो म्हटलं ते मला ऐकून बरं वाटलं, डॉक्टर म्हणतात एकदम करू नका, येता का सोबत. मागचं काही काढू नका त्या वेळी. प्यालेले असताना काहीच बोलू नका. आणि हात उचलत असतील तर बोलणं वगैरे काही नाही, आधी तुम्ही आणि लेकरं सुरक्षित, १८१ हा बायांसाठीचा नंबर आहे. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन) १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बाकीच्यांसाठी पण लिहून ठेवते. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत त्याच्यासमोर आणे मोजत बसायचं नाही. आपल्या भागात हे रोज डोळ्यासमोर आहे. सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही, फवारणीच्या औषधाचे डबे घरातून हलवायचे, पुढं न्यायचं. आणि ज्याचं आधीच ठरलं आहे त्याला परत परत "का सोडायचं" विचारू नये. तो तयार आहे, त्याच्यासोबत योजना करायला बसावं. मी सुरुवातीला हे चुकले, तयार माणसाला परत विचारात पाडलं.

---

पीएचसीवाला

सोमवारी केलं. एकावर केलं, म्हटल्याप्रमाणे. बीपीचा पेशंट, साठीचा, गोळ्या दोन महिन्यांपासून बंद. नेहमी मी म्हणतो "लकवा मारेल". या वेळी विचारलं, गोळी बंद केल्यावर काय बरं झालं? म्हणाला, "साहेब, गोळी सुरू झाली का मरेपर्यंत बंद होत नाई म्हनते. आमच्या भावाची सुरू झाली अन् तो वर्षात गेला." म्हणजे त्याच्या डोक्यात भाऊ गोळीमुळं गेला. मी चार वेळा याला लकव्याची भीती घातली आणि त्याची भीती गोळीचीच होती. मग म्हटलं एक गोष्ट सांगू का, आणि सांगितलं. घड्याळ पाहिलं होतं, तीन मिनिटं गेली. मागं लाईन ओरडत होती.

गोळ्या घेऊन गेला आहे. खाईल का माहीत नाही. पण चार वर्षांत पहिल्यांदा मला समजलं की का खात नाही. माझं आधीचं म्हणणं मी मागं घेत नाही, शंभर जणांवर हे होणार नाही. पण रोज दोन-तीन जणांवर करीन.

---

धानपट्टा

सर हे आमच्या आशांना वाचून दाखवलं आजच्या बैठकीत. एक आशा म्हणाली माझ्या गावातही तीन जणांनी त्याच भीतीनं सोडली असेल, जाऊन विचारते.

---

निनावी_वर्धा

नेलं. भरती केलं आहे. पहिली रात्र खूप अवघड गेली पण डॉक्टर होते. पोळा दवाखान्यातच झाला, मुलानं बैलजोडीचा फोटो फोनवर दाखवला. आता सहावा दिवस. पुढचं काही लिहीत नाही आत्ता.

---

कापूसवेचणी

ताई, तुम्ही नेलंत. जेवत जा वेळेवर.

काकांचं सांगायचं राहिलं होतं. परवा आले, पोळ्यानंतर. मधे एक भेट झाली होती त्यात त्यांनीच ठरवलं होतं की शेजारच्या धुऱ्यावाल्यासोबत जागली वाटून घेतो, एक रात्र तो, एक रात्र मी, आणि ज्या रात्री दोघं असू त्या रात्री एकाच खोपडीत. सुपारीच्या जागी लवंग. दिवसाच्या आठ खर्र्यांचे दोन झाले होते. यायच्या आधी मला फोन करून म्हणाले होते की येत नाही, तोंड दाखवायची लाज वाटते, करीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) पाच खाल्ले. मी म्हटलं पाच खाल्ले हे सांगायलाच या.

आले तेव्हा मी पाचचं काही काढलं नाही. विचारलं, दुसऱ्या दिवशी परत दोनवर कसे आले? काका विचारात पडले. म्हणाले, "कोणी विचारलं नाई असं." मग म्हणाले सकाळी तोंड जळजळत होतं, नातीसाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणला होता, तो न्यायचा होता, आणि तिच्यासमोर पन्नी काढाची नव्हती. "ते तुमी स्वतःच ठरवलं, करीचा एवढा आग्रह झाल्यावरही," मी म्हटलं. "हो, म्याच," म्हणाले.

तोंड अजून दीडच बोट उघडतं. ते पूर्ण परत येणार नाही हे दातांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं आहे आणि मीही लपवलं नाही. वाढणार नाही यासाठी सुपारी बंदच लागेल, तेही त्यांना माहीत आहे. मी जमायचे आणे विचारले, त्यांनी थोडा वेळ टेबलावर बोट फिरवलं आणि सात म्हणाले. मी लिहीत होते तर म्हणाले, "थांबा, करीचं धरून सांगतो. सहा लिवा. खरे सहा."

पुढची तारीख सोयाबीनच्या सोंगणीनंतरची घेतली आहे.